टेबलावरचा बाण

१३ नोव्हें. २००५, रविवार

फायनल झाली. सोळा वर्षांखालील मुली. शहरातली शाळा ३३, घाटंजी ३२. घसा बसलाय, गुडघा सुजलाय, डोकं अजून तापलेलं. आधी एवढं लिहून ठेवतो: मी बरोबर होतो.

झालं असं. नऊ सेकंद उरलेले, घाटंजी एकाने पुढे. बास्केटखाली दोन पोरी एकाच चेंडूला लोंबकळल्या, कोणीच सोडेना. शिट्टी सुजाताची, माझ्या सहायक पंचाची. तिने दोन्ही अंगठे वर केले आणि लगेच टेबलाकडे हात दाखवला. टेबलावर तिचा तो पुठ्ठ्याचा बाण. तो घाटंजीच्या बाजूने होता, म्हणजे चेंडू घाटंजीला. बाजूने आत टाकायचा, नऊ सेकंद धरून ठेवायचा, खेळ खलास.

मी म्हटलं, जंप. दोघींना वर्तुळात उभं करा, मी चेंडू वर टाकतो, जिची उडी तिचा चेंडू.

"सर, बाण हाय ना."

"आपलं ठरलंय."

"सर, पण रूल..."

"रेफरी मी आहे."

शहरवाल्यांची सेंटर ताडमाड. घाटंजीची सात नंबर, त्यांची कॅप्टन, तिच्या खांद्याला लागत होती. पुढे काय होणार हे शेंगदाणेवाल्यालाही कळत होतं. झालंही तेच.

पण ठरलं होतं, हे खरं. सामन्याआधी सु. हा बाण घेऊन आली. बुटाच्या डब्याचा पुठ्ठा, लाल रंग, मागे टेकू. नवा नियम म्हणे. चेंडू कोणाचा ते ठरत नसेल तर आळीपाळीने द्यायचा, पुढची पाळी कोणाची ते बाण दाखवणार. मी म्हटलं, क्वार्टर सुरू करताना तुझा बाण, झटापटीला माझी जंप. आपल्या जिल्ह्यात दोन पंचांचं पटलं नाही की असंच करतात, अर्धा नियम तुझा, अर्धा माझा. बावीस वर्षं सामने असेच पार पडले. ती "बरं सर" म्हणाली होती. ऐन वेळी फिरली.

स्कोअरशीटवर सही करत होतो तर ती सात नंबर आली. केसांत कापसाचं बोंड अडकलेलं. कापूस उतरवून रिकाम्या झालेल्या मेटॅडोरमध्ये बसून आली होती सगळी टीम. सातच जणी. दोघींना वेचणीमुळे घरून सोडलं नाही.

"सर, कॅप्टनले काही लिहाचं असते का?"

"हरल्यावर काय लिहायचं? जा, गाडी निघेल."

आणि सही केली. रेफरीची सही सगळ्यात शेवटी असते. ती झाली की सामना संपला, मग कोणाला बोलायला जागा नाही. सु. बाजूच्या बाकावर बसून बुटाची लेस सोडत होती.

१५ नोव्हें., मंगळ.

संघटनेच्या सेक्रेटरींचा ऑफिसात फोन. "दाणीसाहेब, दोन पंच मैदानावर भांडून राह्यले, सगळ्या गावानं पाह्यलं. रिपोर्ट द्या बावा लेखी."

जेवणाच्या सुट्टीत लिहून दिला. 'सहायक पंचांनी मुख्य पंचांचा निर्णय मानला नाही.' हे एकच वाक्य कागदावर फार किरकोळ दिसत होतं. म्हणून खाली आणखी एक: 'त्यांचा कल एका संघाकडे असल्याचे जाणवले.'

कार्बन कॉपी ठेवली. सवय.

१७ नोव्हें., गुरू.

गुडघा तसाच. मंगल शेकायला पाणी ठेवते आणि विचारते, "अहो, सामना झाल्यावर त्या सुजाताचा फोन नाही आला?" तिला काय सांगू. दर रविवारी यायचा फोन. अमुक झालं तर कोणाचा चेंडू, तमुक झालं तर फाउल कोणावर. मी उचलला की पहिलं वाक्य ठरलेलं: "सर, एक डाउट हाय." मंगल म्हणायची, हिचं लग्न लागताना भटजीलाही एक डाउट विचारेल. त्यावर मी म्हणायचो, भटजी कुठला, त्यांच्यात भन्तेजी. मग दोघं हसायचो.

१९ नोव्हें., शनि.

सेक्रेटरी रस्त्यात भेटले. स्कूटर चालूच ठेवून सांगितलं. फेब्रुवारीत नागपूरला राज्य पंचांची परीक्षा आहे. जिल्ह्यातून एकच नाव जाणार. जानेवारी संपायच्या आत पाठवायचं. "सुजाताचंच धाडणार होतो. पण तुमचा रिपोर्ट पाह्यला आन् थांबवलं. पक्षपाती पंच धाडला तर आपलीच इज्जत जाईन."

पक्षपाती हा शब्द मी लिहिला नव्हता. कल लिहिला होता. पण मग त्याचा दुसरा अर्थ काय होतो, दाणी?

मला एवढंच हवं होतं की कोणीतरी तिला दोन शब्द सुनवावेत. या पोरीला परीक्षेतून बाहेर ठेवावं असं मनात नव्हतं. देवाशपथ नव्हतं.

२० नोव्हें., रवि.

सकाळी कपाटावरचं सगळं खाली काढलं. मंगलला वाटलं दिवाळीची राहिलेली साफसफाई.

पिवळं पुस्तक काही शोधावं लागत नाही, ते खिशातच असतं. नियमपुस्तकाचं माझं भाषांतर, सायक्लोस्टाइल केलेलं, पिवळं कव्हर. या जिल्ह्यातला प्रत्येक पंच त्याच्यावर शिकला. भांडण झालं की "पिवळ्यात काय लिहिलंय?" आणि सगळे गप्प. त्याचा मला किती माज आहे हे आज कळलं. पिवळ्यात झटापटीला जंपच आहे. असणारच, तेव्हा तोच नियम होता.

नवं इंग्रजी पुस्तक दीड वर्षापूर्वी पोस्टाने आलेलं. पाकीट फोडलेलं, पुस्तकाबरोबर माझी वही. भाषांतर सुरू केलं होतं, मग कंटाळा आला. कंटाळा नाही. पिवळं रद्द होणार याचा राग आला. वही उघडली. माझंच अक्षर, निळी शाई: 'सामना सुरू झाल्यावर दोघांच्या हातात चेंडू अडकल्यास जंप नाही. बाणाप्रमाणे चेंडू द्यावा.' पुढे कंसात माझाच शेरा: 'हा काय खेळ झाला?'

म्हणजे मला ठाऊक होतं.

दुपारी. आज लिहितोच आहे तर पुरतं लिहितो. मैदानावर ती "सर, बाण हाय ना" म्हणाली तेव्हा ही वही आठवली होती. ओळ नव्हे, पण शेरा आठवला. नऊ सेकंद, ते ओरडणारे लोक, आणि समोर मीच शिट्टी धरायला शिकवलेली पोर मला नियम सांगतेय. कळंबच्या शिबिरात पाचवीतल्या मुलांसारखं घोकून घेतलं होतं सगळ्यांकडून: दोन पंच सारखे, एकाने दुसऱ्याचा निर्णय पुसायचा नाही. पिवळ्याच्या तिसऱ्या पानावर आहे. तो नियम नव्या पुस्तकातही बदललेला नाही.

१३ तारखेचं पहिलं वाक्य खोडणार होतो. नाही खोडत. राहू दे.

२७ नोव्हें., रवि.

सेक्रेटरींच्या घरी गेलो. म्हटलं, रिपोर्ट परत द्या, दुसरा देतो. त्यांनी चहा मागवला. खारी खाऊ घातली. "साहेब, शहरातली शाळा अमरावतीले विभागीय खेळून बी आली. आता तुम्ही म्हनान का चूक आपली होती, त तिकडले लोक विचारतीन, कोनता पंच ठेवला होता बावा फायनलले? नाव तुमचंच खराब होईन ना. जाऊ द्या."

मी म्हटलं, तिचं नाव...

"लहान हाय ते. पुढच्या वेळी पाहू."

परत येताना मला हलकं वाटत होतं. हे लिहायची लाज वाटते, पण वाटत होतं. चला, आपण प्रयत्न तर केला.

४ डिसें., रवि.

मंगलला चिंतामणीच्या दर्शनाला नेलं. खरं म्हणजे कळंबला सु. राहते म्हणून. कापसाच्या भावासाठी रास्ता रोको, एस.टी. दीड तास उन्हात उभी. पुढच्या सीटवरचा म्हातारा म्हणाला, "भाव त काही भेटत नाही, पन बसून राहाले जागा भेटली." सगळी बस हसली. मी खिडकीतून बाहेर पाहत वाक्य जुळवत होतो. सुजाता, मी एक चूक केली. सुजाता, तुला माहीत असेलच. सुजाता, कसं आहे की.

देवळाच्या पायऱ्या उतरताना गुडघ्याने जीव घेतला. देवाला काही मागितलं नाही. कोणत्या तोंडाने.

सु. घरीच होती. सहा तारखेचा कार्यक्रम म्हणून वस्तीतल्या मुलांकडून गाणं बसवून घेत होती. मला पाहून उठली, मंगलच्या पाया पडली, माझ्याही. तिच्या आईने पोह्यांत खोबरं जास्त टाकलं, साहेब आले म्हणून. आई म्हणाली, "परीक्षेचं नाव आलं नाही म्हनते सर हे. तुम्ही सांगा न सेक्रेटरीले. तुमचा शब्द थे मोडत नाहीत."

सु. म्हणाली, "आई, राहू दे ना. सरांनी सांगतलंच असन."

तिला अजून माहीत नाही. तिला वाटतं मी तिच्यासाठी शब्द टाकला.

मी पोहे संपवले. म्हटलं, बघतो. परतीच्या बसमध्ये मंगल माझ्याकडे बघत राहिली. कळंब सुटल्यावर म्हणाली, "काय केलंत तुम्ही?" तिला सगळं सांगितलं. तिने खिडकी लावून घेतली. यवतमाळ येईपर्यंत तोंड खिडकीकडेच.

५ डिसें., सोम.

मंगल अजून बोलत नाही. डबा मात्र दिला.

११ डिसें., रवि.

संघटनेला पत्र लिहिलं. चौथा कागद. पहिल्यात कारणं फार होती, गुडघा, गर्दी, आवाज. दुसऱ्यात नियमांचा इतिहास. तिसऱ्यात माझी बावीस वर्षांची सेवा. मंगलने वाचून तीनही बाजूला ठेवले. "यात ती कुठे आहे?"

चौथा असा: 'दि. १३ रोजीच्या अंतिम सामन्यात सहायक पंचांचा निर्णय नियमानुसार बरोबर होता. माझा चुकीचा होता. नियम मला माहीत होता. सहायक पंचांचा कल कोणत्याही संघाकडे नव्हता, ते वाक्य मी रागाने लिहिले. घाटंजीच्या कर्णधाराला हरकत नोंदवायची होती, ती मी नोंदवू दिली नाही.'

मंगल म्हणाली, हे द्या. एक भाकर जास्त वाढली.

१८ डिसें., रवि.

संघटनेची मीटिंग. पत्र वाचून दाखवलं. वाचून होताच सगळे एकदम बोलायला लागले. एक जण म्हणाला, मोठेपणा आहे साहेबांचा. मला ते नको होतं. मोठेपणा असता तर सव्वा महिना लागला नसता. सेक्रेटरी म्हणाले, पत्राची नोंद घेऊ, नावाचा विचार पुढच्या बैठकीत.

निकाल बदलत नाही. सही झालेली आहे. तो नियम मीच सगळ्यांना शिकवलाय, तोच मला ऐकवला.

जाता जाता सेक्रेटरी कानाशी, "पुढच्या सीझनले जरा आराम करा साहेब. गुडघा बी हाय तुमचा."

२५ डिसें., रवि.

एकटाच कळंबला. एस.टी. स्टँडवर भेटू म्हटलं, घरी नको. रसवंतीच्या बाकावर बसलो. रिपोर्टची कार्बन कॉपी तिच्या हातात दिली. तिने वाचली. परत वाचली. घुंगरांचा आवाज चालूच.

"सर, निर्णय मानला नाही, हे ठीक हाय. नाईच मानला मी. पण कल हाय असं कायले लिहिलं?"

पहिलं वाक्य एकटं बरं दिसत नव्हतं, हे काय उत्तर आहे?

"तुम्हाले माहीत हाय सर, आमच्यासारख्यावर हे एक वाक्य लागलं ना, मंग थे निघत नाही. लोक म्हनतात, पाहा, वाटलंच होतं." मग म्हणाली, "गावातले म्हनत होते, दाणी सरांनीच नाव अडवलं असन. मी भांडली त्यांच्याशी. माह्ये सर तसे नाहीत म्हटलं."

मी माफी मागितली. शब्द बाहेर पडला, पण रसाचा ग्लास धरून मागितलेली माफी कशी वाटते ते मलाच कळलं. नंतरचं पत्रही दाखवलं. तिने ते वाचलं, घडी घातली, परत दिलं.

"त्या घाटंजीच्या पोरीले सांगतलं का कोणी?"

नाही. कोणीच नाही. माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. अख्खा महिना मी सु.चं नाव आणि माझं नाव एवढंच उलटसुलट करत होतो.

"मंग आधी तिकडे जाले पाह्यजे होतं सर," म्हणाली. तिची बस लागली. रस अर्धा तसाच.

८ जाने. २००६, रवि.

फोन. पाच रविवार नव्हता, नाही, आठ. पहिलं वाक्य मात्र डाउटचं नव्हतं.

"सर, सव्वीस जानेवारीले घाटंजीले मॅच ठेवली हाय. त्यांची टीम आन् आमच्या कळंबच्या पोरी. त्यांच्या सरांनी मले रेफरी बोलावलं. मी म्हटलं, सहायक म्हणून दाणी सर पाह्यजेत."

मी म्हटलं, कशाला? लोक हसतील.

"हसू द्या ना. गुडघा बरा हाय का?"

मंगल बाजूला उभी राहून मान हलवत होती. हो म्हणा, हो म्हणा.

२२ जाने., रवि.

नव्या पुस्तकाचं भाषांतर सव्वीस पानांपर्यंत. कंसातला शेरा खोडला. पुढची बैठक झाली म्हणतात, मला बोलावलं नव्हतं. नावाचं काय झालं, सेक्रेटरी फोनवर सांगत नाहीत. "पाहू साहेब, चालू हाय." नाव पाठवायला नऊ दिवस.

२६ जाने., गुरू.

झेंडावंदन आटोपून घाटंजीची बस. शाळेच्या मागे मैदान, एका बाजूला कापूस वाळत टाकलेला, चेंडू तिकडे गेला की एक बाई काठी घेऊन उठायची. दोन्ही खांब जरा वाकलेले. टेबलावर तोच पुठ्ठ्याचा बाण. रंग उडाला होता, कोणीतरी परत लाल मारलाय.

सामन्याआधी सु. ने मला बाजूला घेतलं. "सर, झटापटीले काय?"

"बाण," म्हटलं.

"आन् आपलं नाही पटलं तर?"

"ज्याची शिट्टी, त्याचा निर्णय."

"बस," म्हणाली. अर्धं तुझं अर्धं माझं काही नाही.

सात नंबरला आधी गाठलं. पोरींसमोर, मुद्दाम. सांगितलं की फायनलला चेंडू तुमचा होता, मी चुकलो, आणि तुला लिहायचं होतं ते लिहू दिलं नाही. ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. मागून एक जण म्हणाली, "आता सांगून का होते?" त्यांच्या सरांनी तिला दटावलं. मी म्हटलं, दटावू नका, बरोबर विचारतेय.

सामना चांगला झाला. दोनदा झटापट, दोन्ही वेळा सु. ने बाणाकडे पाहिलं, एकदा इकडे, एकदा तिकडे, कोणी चूं केलं नाही. शेवटचं मिनिट, घाटंजी एकाने मागे. सात नंबर चेंडू घेऊन घुसली, आणि मी शिट्टी मारली. पावलं. चेंडू न आपटता तीन पावलं चालली ती. चेंडू कळंबला. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर फिरवली. घाटंजी हरली. एकाने. परत.

मी बरोबर होतो. तीन पावलं होती. नक्की. म्हणजे मला तीन दिसली. मधे कळंबची उंच पोर आडवी आली होती.

सु. ला विचारलं, तुला काय दिसलं? म्हणाली, "तुमची शिट्टी होती सर." एवढंच.

टेबलावर स्कोअरशीट आली. सहायकाची सही आधी. मी केली, आपल्या जागी, वरच्या ओळीवर. शेवटची जागा रेफरीची. सु. ने पेन हातात घेतलं आणि तसंच धरून उभी राहिली. पोरी बाटल्या गोळा करत होत्या, कळंबची गाडी हॉर्न देत होती. मी हळूच म्हटलं, सही कर, गाडी निघेल.

म्हटल्यावर ऐकू आलं मला मी काय म्हटलं ते.

सु. ने सात नंबरला हाक मारली. "इकडे ये. कॅप्टनले काही लिहाचं असन तर इथं लिहाचं असते. मी सही केली नाही अजून."

पोरीने आधी माझ्याकडे पाहिलं. मग कागदाकडे. मग हात पुसला, ड्रेसलाच, आणि पेन घेतलं.

मी बाकावर जाऊन बसलो. ती काय लिहितेय ते दिसत नव्हतं. बराच वेळ लिहीत होती.